मायनं मले गुनाचा म्हटलं तवा

...अन् तुमाले सांगतो, जल्मल्यापासून या बाईनं मले एकडाव माह्या नावानं हाक मारली नाई! हरिओम नाव हाये माह्यं, देवाचं, पन आमची माय, मंजुळाबाई, सकायी उठल्याबरोबर, "ऊठ रे बैताडा, येड्या, तुहा मुडदा बशिवला, वांग्याले पानी काय तुहा बाप देईन?" बाप तथीच बसला असते, चा पेत! मले सांगा, ही काय बोलाची रीत झाली?

काऊन म्हंते अशी? त नजर लागू नये म्हनून! पोराले चांगलं म्हटलं का दृष्ट लागते म्हंते. शेजारची शालूबाई चुकून म्हने, "पोट्टा गोरा झाला व मंजुळे," त माय कडाडली, "कायचा गोरा व, उकंड्यावरचं डुक्कर हाये मेलं!" दहावीत मले अठ्ठ्याऐंशी टक्के पडले, त मोताळ्याच्या बाजारभर सांगत फिरली, टोनगा काठावर पास झाला. लोकं समजूत काढाले आले हो घरी!

बरं, चौतीस वर्षं ऐकलं. पन मांगच्या महिन्यात पुन्याचे पाहुने आले, घर पाहाले. पोरगी अर्पिता, तिले मी फोनवर पसंत, वावर पसंत, सारं जमलं होतं! तिचे बाबा सुधाकरराव, कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाजात, "मग आई, मुलगा कसा आहे आपला?" मी खोकललो, डोये वटारले... माय म्हंते, "कायचा मुलगा जी! बैताड हाये. कामाचा ना धामाचा, मढं पोसून राह्यलो नुसतं!" सुधाकररावांनी कप खाली ठेवला. "स्पष्ट बोललात, आभारी आहोत." अन् गाडी स्टार्ट! मले सांगा, ही काय बोलाची रीत झाली?

मी ताट लोटून देलं. "माय, तुह्या तोंडापायी मी बिनलग्नाचा मरीन! एकडाव, फक्त एकडाव मले चांगलं म्हन!" रडली, पन कबूल झाली.

मंग सोनाळ्याचे पुंजाजी आले, पोरगी प्रेरणासाठी. आपल्या इकडचेच मानसं. मायनं पदर सावरला, मिठाची पुडी कमरेले खोचली अन् डोये मिटून बोलली, "माहा हरिओम लय गुनाचा हाये जी. हुशार. कामसू." चौतीस वर्षांत पयल्यांदा! माह्या डोयात पानीच आलं हो...

अन् पुंजाजीचा चेहरा उतरला! बायकोच्या कानात बोलला, पन मी बाजूलेच बसलेलो, "सख्खी माय सोताच्या तोंडानं तारीफ करून राह्यली! पोट्ट्यात मोठी खोट असंन व, चाल, ऊठ!" चा बी पेले नाई!

मी तसाच पडून राह्यलो खाटेवर. जेवन नाई, पानी नाई. माय आली, माह्यावरून मीठ-मिरच्या ओवायल्या अन् खेकसली, "तुहा मुडदा बशिवला, ऊठ बैताडा, भाकर थंडी होऊन राह्यली!"

अन् सांगाले लाज वाटते... पन एवढं बरं वाटलं ना, तीन भाकरी खाल्ल्या! आता मले सांगा, अशा बैताडाले कोन पोरगी देईन?