रोकडे बाईंची चारशेची लेन्स

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्यवाह माननीय काळूराम पाटील साहेब, मुख्याध्यापिका क्षितिजा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या प्रयोगशाळा सहायक धम्मदिना रोकडे बाई, त्यांचे कुटुंबीय, माझे सहकारी आणि पंख्याखालच्या खुर्च्या मिळालेले व न मिळालेले श्रोतेहो, सर्वांना सविनय नमस्कार.

बाईंच्या शिस्तीविषयी आधीचे वक्ते बोलले. मी भूगोलाचा शिक्षक नरेंद्र भोईर. मला बाईंच्या कॅमेऱ्याविषयी बोलायचं आहे. विषय हलका वाटेल, पण तो तसा नाही.

सात वर्षांपूर्वी बाईंनी ठरवलं, की प्रयोगशाळेच्या भिंतीवर छापील तक्त्यांऐवजी भिवंडीतले पक्षी लावायचे. मी तेव्हा सुट्टीत लग्नांचे फोटो काढायचो, म्हणून शाळेत कॅमेऱ्यातला जाणकार मीच. बाईंनी विचारलं, "सर, कोणता घेऊ?"

मी म्हणालो, "मेगापिक्सेल भरपूर बघा. लेन्स कॅमेऱ्यासोबत मिळते ती पुरते."

लग्नात ती पुरते. नवरा-नवरी उडून जात नाहीत.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही वळ गावाबाहेर गेलो. गोदामांच्या मागं खडी पसरलेली मोकळी जागा आहे. टिटवी झाडावर घरटं करत नाही, हे आपण जाणताच. तिथं खडीतच एका खळग्यात तिची चार अंडी होती. बाईंनी लांबून फोटो काढला. त्यात टिटवी तांदळाच्या दाण्याएवढी.

"सर, एवढंच दिसतंय."

अशा वेळी जाणकारानं काय सांगावं? मी सांगितलं, "पुढं चला."

पुढं जात जात आम्ही अंड्यांपासून पाच-सहा पावलांवर बसलो. दोन्ही टिटव्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होत्या. बाई दोनदा म्हणाल्या, "सर, निघू या का?" मी म्हणालो, "सवय होईल त्यांना." बारा वाजून गेले. शेवटी गोदामाचे पहारेकरी नवशाभाऊ तरातरा आले.

"बाय, तुमी हतं बसल्यात म्हून ती येत न्हाय. उनान अंडी शिजतील ना!"

बाई तडक उठल्या. मी माझ्या कॅमेऱ्यानं आणखी दोन फोटो काढले आणि मग उठलो. हेही सांगायला हवं.

टिटवी नंतर अंड्यांवर बसली. बाई रोज शाळा सुटली की रिक्षानं जाऊन लांबूनच बघून यायच्या. महिना उलटला, अंडी फुटली नाहीत. एक दिवस टिटव्या ती जागा सोडून गेल्या. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाईंनी त्या रविवारचे फोटो एकेक करून पुसले.

जूनमध्ये त्या म्हणाल्या, "ठाण्याला लेन्स बघायला जातेय. यायचं तर या, पण निवडणार मी."

दुकानदारानं विचारलं, "मॅडम, बजेट?" बाई म्हणाल्या, "ते नंतर. आधी सांगा, तीस-चाळीस पावलांवरून टिटवी दिसेल का?" त्यांनी प्रत्येक लेन्स डोळ्याला लावून समोरच्या इमारतीवरचं कबुतर पाच-पाच मिनिटं पाहिलं. मी सहाशे मिलिमीटरची, लांबचं सर्वांत मोठं दाखवणारी लेन्स पुढं केली. ती जवळजवळ दोन किलोची. तिसऱ्या मिनिटाला बाईंचा हात भरून आला. त्यांनी ती खाली ठेवली आणि हलकी, चारशेची उचलली.

मी म्हणालो, "बाई, हिच्यात पक्षी लहान दिसेल."

"दिसू दे. आपण लांब होतो, हे तरी दिसेल."

मग त्यांनी कॅमेऱ्याचा आवाज कमी करता येतो का, असं विचारलं. ती सोय त्यांच्याकडच्या कॅमेऱ्यातच निघाली. मला ती ठाऊक नव्हती.

लूमवरचं कोरं कापड आणून त्यांनी एक पिशवी शिवली, तिच्यात मका भरला. खिडकीत पिशवी, पिशवीवर लेन्स, म्हणजे ती हलत नाही. पुढच्या एप्रिलपासून नवशाभाऊंच्या केबिनमधून त्या आठ रविवार बसल्या. टिटवी डबक्यात पोट भिजवून आली आणि ओल्या पिसांनी अंडी गार करू लागली, तो फोटो तेव्हाचा. आज तो प्रयोगशाळेत दारासमोर आहे. पिल्लं मात्र आधी नवशाभाऊंना दिसली. "बाय, निंगाली बगा! चारीच्या चारी!" बाई तेव्हा फोटो काढायचं विसरल्या. केबिनमधल्या स्टुलावर बसून रडल्या.

दरवर्षी त्या फोटोखाली उभ्या राहून बाई नव्या वर्गाला सांगतात, "याच्या आदल्या वर्षी आमची चूक झाली. आम्ही फार जवळ गेलो, म्हणून चार पिल्लं जन्मलीच नाहीत." मी दारातून हे अनेकदा ऐकलं आहे. त्या कधी "भोईर सर" म्हणाल्या नाहीत. दर वेळी "आम्ही" म्हणाल्या. आणि मी सहा वर्षं ते ऐकून पुढच्या तासाला जात राहिलो.

उद्यापासून ही गोष्ट सांगायला बाई नसतील. ती चुकीची मागं राहू नये, म्हणून आज उभा राहिलो. "पुढं चला" बाई म्हणाल्या नव्हत्या. मी म्हणालो होतो.

बाई, आपल्याला निवांत आणि निरामय आयुष्य लाभो. अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, सभेनं शांतपणे ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पदरात घ्यावं. खडीवर जे झालं ते पदरात घ्या, असं मात्र मी म्हणत नाही.

नमस्कार.