गणिताच्या सरांचा अर्ज

शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीशी मी भाचीच्या दाखल्यासाठी उभी होते. माझ्यापुढे याच शाळेतले गणिताचे सर होते, आत कारकूनबाई.

"सर, तुम्ही आणि रांगेत?"

"आज पालक म्हणून आलोय बाई. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हवाय."

"आपल्याच शाळेतून काढताय? कारण काय लिहू?"

"शिकवणं बरं नाही, असं लिहा."

"कोणत्या विषयाचं?"

"गणिताचं."

"नववीला गणित कोण शिकवतं?"

"माहीत असून कशाला विचारता?"

"रकाना आहे, म्हणून विचारलं. नववीत वीसच मुलं आहेत. एक कमी झालं की वर्ग बंद. मग बाकीची पोरं दुसऱ्या शाळेसाठी रोज सात किलोमीटर चालणार."

"एका मुलीनं काय होतंय?"

"वजाबाकी तुमचा विषय आहे सर."

"नव्या शाळेत तिचं काही अडलंच, तर घरी मी शिकवतोच की तिला."

"घरी शिकवता?"

"छान शिकवतो. इथे सरकारी माहिती भरण्यातच तास संपतो, घरी वेळ मिळतो."

"मग उरलेल्या एकोणीस जणांनाही घरीच बोलवा. पत्ते मी लिहून देते."

"टोमणे नंतर मारा बाई. दाखला द्या लवकर, मला तास आहे."

"कुठल्या वर्गावर?"

"नववीवर."

"घंटा होऊन वीस मिनिटं झाली, सर."