न दिलेली आरोळी

मी दत्तू, मूळचा शिनोलीचा. आई लहानपणीच गेली, वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, अक्कानं, लगीन होऊन येडगावला गेली तवा मलाबी संगं घेऊन गेली, आन तिचं मालक म्हंजे आमचं दाजी विहिरीच्या कामावर व्हतं, त्यांनीच मला सुरुंगाचं काम शिकवलं. आता अक्का तिकडं येडगावात आन मी हितं परत शिनोलीत एकटा, काय सांगू तुमाला, पावणं.

आमच्या कामात बार उडवायच्या आधी आरोळी द्यायची. बार हायेऽऽ, बार हायेऽऽ. ते काम माझं, लई मोठा आवाज व्हता माझा. रस्त्यावरची माणसं थांबायची, बाया पोरं घेऊन घरात जायच्या, मंगच बार. दाजी म्हणायचे, दगड कुठं जाईल सांगता येत नाय दत्तू, माणसाला आधी सांगायचं.

पुढं जिलेटीनच्या कांड्यांच्या पेटीची किल्ली माझ्याकडं आली. एका विहिरीला कांड्या कमी पडल्या की दुसऱ्या विहिरीवरनं उसन्या न्यायच्या, नियमात बसत नाय पण आमच्यात चालतं. एकदा दाजी म्हणले, पलीकडच्या गावच्या विहिरीला पायजेत, किल्ली दे. दिली मी. बापाच्या जागी असलेल्या माणसाला काय इचारायचं राव.

मागनं कळलं, पलीकडं विहीरच नव्हती. कांड्या गेल्या जमिनी बळकावणाऱ्या टोळीकडं. दाजींना वाटलं, गुंड हायेत, कुणाच्या बांधावर उडवून भेव दाखवतील. पण टोळीनं त्या कांड्या बॉम्ब लावणाऱ्यांना दिल्या, आन शहरात भर बाजारात भाजी घ्यायला आल्याली माणसं मेली. टीव्हीवर रस्त्यात कोथिंबिरीच्या जुड्या पडल्याल्या दिसत व्हत्या. तिथं कुणी आरोळी दिली नसंल, एवढंच माझ्या डोक्यात फिराया लागलं.

पोलीस माग काढत आमच्या पेटीपर्यंत आले, सगळ्यांना इचारलं, मी गप बसलो. दोन दिस गेले. मंग ठरवलं, दाजींचं नाव सांगायचं, पण आधी अक्काला सांगायचं.

दुपारी तिच्याकडं गेलो. तिनं भाकरी वाढली, वर ठेचा, समोर बसून म्हणली, दत्तू, लोक काय काय बोलत्यात रे, पण तू हायेस तवर मला घोर नाय. आत्ता सांगू, मंग सांगू, असं करत जेवलो, हात धुतला, येतो म्हणलं आन तसाच चौकीत जाऊन नाव सांगितलं.

अक्का अंगणात कुरडया वाळत घालत व्हती तवा दाजींना न्यायला पोलिसांची गाडी आली. संध्याकाळी ती चौकीत आली, मी जबाबासाठी तिथंच व्हतो. मला वाटलं शिव्या देईल, थोबाडीत मारील. तिनं एवढंच म्हणलं, मला आधी सांगायचंस की रे. त्यानंतर आजतागायत एक शब्द नाय.

दाजी आत हायेत. नाव सांगितलं त्याचा पस्तावा नाय मला, परत इचारलं तरी सांगीन. पण आख्खी हयात मी परक्या माणसाला आरोळी दिली, आन जिनं मला वाढवलं तिच्या घरावरचा बार न सांगता उडवला. आता दिवसदिवस बोलायला कुणी नाय, आवाजबी बसला. भाऊबीजेला येडगावच्या फाट्यापर्यंत जातो, बसतो, एसटीनं माघारी येतो. देव तिला सुखात ठेवो, माझं काय.

तुमी म्हणला ना, उद्या येडगावला जाणार हाय. तर पावणं, तिच्या दारी जाऊन सांगा, औंदा भाऊबीजेला दत्तू घरी येणार हाय म्हणावं. दार उघडील न उघडील. पण तिला आधी सांगा.