बरा आहे, पण तो नाही

...आणि वरून मलाच म्हणतात, जवाईबापू, तुम्ही नीट धरला काहून नाही? आता हातातला मंगोडा कावळ्यानं नेला तर त्यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा. सकाळपासून पोटात एक कप चहा, तिलवाऱ्याच्या घाटावरून दोनदा जबलपूर आणि दोनदा परत, स्कूटरच्या सायलेन्सरनं अर्ध्या रस्त्यात जीव टाकलेला... थांबा. तुम्हाला मंगोडाच माहीत नसेल तर मी हे कोणाला सांगून राहिलो?

तर आमच्याकडे मंगोडा म्हणजे मुगाच्या डाळीचं भजं. डबलरोटी चिरायची, तव्यावर शेकायची, आत तीन-चार मंगोडे हातानं दाबून बसवायचे, हिरवी चटणी, मुळ्याचा कीस, वरून काळं मीठ, झाला डबलरोटी-मंगोडा. एवढं लांब नाव कोणी घेत नाही, 'एक मंगोडा' म्हटलं की डबलरोटी आलीच. अख्ख्या शहरात ठेले, आणि घराघरात एकच भांडण, सगळ्यात चांगला कोणाचा?

आमचे सासरे नारायणराव. डिफेन्स फॅक्टरीत पस्तीस वर्षं फिटर. म्हणायचे, "राजधानी भोपाळनं नेली, रायपूर-बिलासपूर छत्तीसगडनं नेलं, आपल्याजवळ राहिलं काय? मंगोडा. आणि तोही चांगला कुठे मिळते ते कोणाला सांगता येत नाही." रिटायर झाल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं. काम त्यांचं, स्कूटर माझी. बारा वर्षं, दर रविवारी! मागे छत्री घेऊन बसायचे आणि ज्या बाजूला वळायचं त्या खांद्याला छत्रीचं टोक टोचायचे. ठेल्यावर उभे राहिले की डोळे मिटून पहिला घास. चावून राहिले, चावून राहिले... ठेलेवाला झारा तसाच हवेत धरून यांच्या तोंडाकडे पाहून राहिला. "क्यों बाबूजी, कैसा है?" मग हे डोळे उघडायचे आणि मला मराठीत सांगायचे, "बरा आहे. पण तो नाही."

तो म्हणजे कोणता? कधी खाल्लेला, कोणाच्या हातचा? मी विचारलंच नाही. बारा वर्षांत एकदा नाही. मी तीन घासात माझा संपवायचो आणि "हो बाबा" म्हणून किक मारायचो, घरी मॅच लागलेली असायची नं.

शेवटच्या रविवारी त्यांनी चप्पल घातली होती, छत्री घेतली होती. मी म्हटलं, बाबा, आज ऊन फार आहे, पुढच्या रविवारी जाऊ. ते म्हणाले, बरं. आणि मंगळवारी दुपारी पेपर वाचता वाचता गेले. आता याला काय म्हणायचं? माणूस बारा वर्षं ज्याच्या मागे बसला, त्यानं एका रविवारी ऊन पाहिलं.

तर दहावा दिवस, नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा घाट. आमचा साळा विष्णू पिंड मांडून बसलेला, गुरुजी घड्याळ पाहून राहिलेले, बायको विनता, आणि आमच्या सासूबाई सुमनबाई. बायकांनी घाटावर यायचं नसते असं गुरुजी म्हणाले, तर म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी त्यांच्यासोबत गेले, आज काहून नाही?" संपलं. समोर झाडावर कावळे म्हणाल तर ही गर्दी. पण पिंडाला शिवेल तर शपथ.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला." विष्णू म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळे जागेवर. विनता म्हणाली, "बाबा, मी दर महिन्याला येत जाईन." एका कावळ्यानं पंख खाजवला. अर्धा तास गेला, गुरुजी म्हणाले, "शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करतो आणि शिववतो. मला बारा वाजता दुसरीकडे जायचं आहे." तशा आई उठून उभ्या राहिल्या. "यांनी फॅक्टरीत कधी डुप्लिकेट पार्ट चालवून घेतला नाही, आणि मी गवताचा कावळा चालवून घेऊ? माणूस अडकून राहिला आहे इथं. मंगोडा आणा."

विष्णू म्हणाला, "कोणाचा?"

आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बारा वर्षं सोबत कोण होतं? मीच. मला माहीत पाहिजे नं! मी म्हटलं, भैयालाल, गोरखपूरचा. यूपीतलं नाही, आमच्या जबलपुरातलाच मोहल्ला. जवळ म्हणून, दुसरं काही नाही. गेलो, आणला, ठेवला. एक मोठा कावळा खाली उतरला, मंगोड्याभोवती एक चक्कर मारली, मान अशी तिरपी केली... तुम्हाला सांगतो, मला त्यांचा आवाज ऐकू आला. बरा आहे. पण तो नाही. आणि उडून गेला.

आई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मी इथून हलत नाही."

मग काय, चलो परत. या वेळी सगळेच आणायचे ठरवले. सदरची कलावती, घमापूरचा तो बिननावाचा ठेला, रांझीचा सुखराम, परतताना भैयालालचा ताजा. सुखरामनं मला पाहिलं, माझ्या मागची रिकामी सीट पाहिली. "बाबूजी नहीं आए?" मी म्हटलं, "नहीं भैया, घाट पर हैं।" तो म्हणाला, "अच्छा, नहाने गए। उनको बोलना, इस बार चटनी में कैरी डाली है।" आता या माणसाला मी काय सांगू? बोलता हूँ, म्हटलं. रांझीपासून फुहाऱ्याच्या चौकापर्यंत हेल्मेटच्या आत रडत आलो. बाहेरून कोणाला दिसत नाही, तेवढीच सोय.

पण कामात चूक नको म्हणून मी प्रत्येक पुडीवर बॉलपेननं नाव लिहिलं होतं बरं का. घाटावर येऊन पिशवी उघडतो तर चारही पुड्या तेलानं आरपार. कुठलं नाव आणि कुठलं काय, पेपरातली बातमीसुद्धा मागच्या पानावरून वाचता येऊन राहिली. विष्णू म्हणाला, "भाऊजी, यातला कोणता कोणाचा?" मी म्हटलं, "कावळ्याला काय वाचता येते का? ठेव."

तीन पुड्या पिंडासमोर उघडल्या, चौथी माझ्या हातात राहिली. कावळे वर, आम्ही खाली. गुरुजी दर्भ वळायला लागले. आईंनी तोंड फिरवलं. एक वाजलेला, गुरुजींचं बाराचं काम बुडालेलं, ऊन डोक्यावर, पोटात सकाळचा एक कप चहा, आणि मी... खाल्ला. हो, खाल्ला, काय करता? बसलो पायरीवर आणि डोळे मिटून एक घास घेतला. त्यांच्यासारखे डोळे कसे मिटले गेले मला माहीत नाही. चावून राहिलो. डबलरोटी कडेला कुरकुरीत, आत मंगोडा अजून गरम, डाळ भरड, चटणी जिभेवर उशिरा येते, आणि मग मागून काहीतरी एक... तो होता हो. तोच होता. बारा वर्षांत मी पहिल्यांदा मंगोडा खाल्ला आणि मला कळलं ते काय शोधत होते. आईंना सांगायला म्हणून मी हात वर केला...

झप.

तोच मोठा कावळा. माझ्या हातातला उष्टा मंगोडा घेऊन सरळ पिंडावर जाऊन बसला आणि खायला लागला. शांतपणे, शेवटच्या कणापर्यंत. गुरुजी ओरडले, "झाला, स्पर्श झाला!" आणि आई रडल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा. विष्णू माझ्या गळ्यात पडला. पाच मिनिटं सगळं कसं छान चाललं होतं, तुम्हाला सांगतो.

मग आईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "कोणाचा होता?"

मी हातातला कागद पाहिला. तेल, चटणी आणि सिमेंटची अर्धी जाहिरात. बाकीच्या तीन पुड्यांवर तोवर सगळे कावळे तुटून पडलेले, ओळखायलाही काही उरलं नाही. "जवाईबापू," आई म्हणाल्या, "तुम्ही नीट धरला काहून नाही?"

बरं, यात अवघड काय, असं तुम्ही म्हणाल. ठेले चार, त्यातलाच एक. मलाही तसंच वाटलं. पुढच्या रविवारी भैयालाल, मग कलावती, मग घमापूर, मग सुखराम. सुखरामला खरं सांगितलं, तर त्यानं झारा खाली ठेवला. मग मला एक करून दिला, पैसे घेतले नाहीत. मी डोळे मिटले, चावून राहिलो, तो माझ्या तोंडाकडे पाहून राहिला. "क्यों भैया?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, मराठीतच निघालं, बरा आहे, पण तो नाही.

घरी आलो. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मिळाला?"

"नाही आई. चारही झाले."

"मग कुंडमला एक जण चांगला करतो म्हणतात."

कुंडम. पन्नास किलोमीटर, जंगलातून, ती स्कूटर घेऊन. येत्या रविवारी जाऊन राहिलो आहे. ऊन असलं तरी.