निर्मात्याचा सत्कार

दोष जोशीकाकांचा, हे आधीच सांगतो. म्हणजे 'वयाने मोठे आहेत रे' वगैरे कोणी मध्ये आणायला नको. अमेरिकेत, अल्फारेटा गावातल्या त्यांच्या घरामागच्या अंगणात एका म्हाताऱ्या हंगेरियन निर्मात्याच्या सिनेमाचा शेवटचा शॉट घ्यायचा होता. कॉलेज सोडून मी त्याच्या युनिटमध्ये लागलो होतो. शॉट मावळत्या उन्हातच हवा होता आणि नायिका त्याच रात्रीच्या फ्लाइटने कायमची परत जाणार होती.

या माणसाच्या देशात सरकारं बदलली, स्टुडिओ बंद पडले, पण सुरू केलेला एकही सिनेमा त्याने अर्धवट सोडला नव्हता.

ऊन उतरायला लागलं आणि काका शाल-श्रीफळ घेऊन आले. मागे महाराष्ट्र मंडळाची अख्खी कमिटी.

"काका, शूटिंगनंतर करा ना सत्कार."

"पाच मिनिटं रे. कॉलेज सोडलेल्यांनी आम्हाला रीत शिकवू नये."

पाहुण्याची ओळख काकांनी स्वतःच्या अमेरिकेत येण्यापासून सुरू केली. मग अध्यक्ष बोलले. मग माजी अध्यक्ष.

मी निर्मात्याच्या कानाशी म्हणालो, "उठा."

"घर त्यांचं आहे," तो म्हणाला. "चिडले तर शॉटच जाईल. कॅमेरा तयार ठेव."

आभारप्रदर्शन संपेपर्यंत अंगणात अंधार पडला होता. तरी तो शाल अंगावर तशीच ठेवून कॅमेऱ्याकडे धावला आणि डोळा लावून बघत राहिला.

"एवढं काय त्यात," काका म्हणाले. "उद्या घ्या की."

नायिका रात्री गेली. आयुष्यात त्याचा एकच सिनेमा अर्धवट राहिला, तो हा.