दुसरा पाय राहिलाय

—नाही रे, दुखत नाहीये, काप तू नखं. गुदगुल्या झाल्या म्हणून पाय ओढला. सत्तरी उलटली तरी गुदगुल्या काही जात नाहीत बघ, फर्गस. नवरा गेला, मेंढ्या विकल्या, डाव्या कानानं राजीनामा दिला — गुदगुल्या तेवढ्या जागेवर. बाहेर बघितलीस ना केवढी रांग लागलीये? या हॉलमध्ये पाद्री येतो तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. तू आलास की अख्ख्या गावाचे पाय हजर! माझ्या मैत्रिणीनं, डॉटनं तुझ्यासाठी घरी भाजलेले स्कोन आणलेत, आणि क्रीम फक्त तुला, आम्हाला नुसता जॅम. म्हणते, नेरिडा, तुला कशाला, तू बोर्डात बसून फुकटचं खातेसच की.

हो, अजून आहे मी बोर्डावर, तुम्हा पायांच्या डॉक्टरांवरच्या तक्रारी ऐकायला. तुम्ही पायवाल्यांनी एकमेकांना पाठीशी घालू नये म्हणून आमच्यासारखी दोन साधी माणसं आत बसवतात ना, त्यातली मी. जनतेचा आवाज म्हणे! आवाज कसला — चहा कधी येणार, एवढं विचारण्यापुरता. सुरुवातीला तर शब्दच कळायचे नाहीत, नुसती मान हलवायचे, नंतर मात्र — काय? हो, बाहेरच जायचं असतं. तक्रारीत ओळखीचा माणूस निघाला की आरंभीच हात वर करायचा आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचं. आणि मला कोण ओळखीचं नाही सांग? हा माझ्या बहिणीचा जावई, ती डॉटची भाची. दरवेळी माझा हात वर. ते शहरातले हसायला लागले, 'नेरिडाबाईंची खुर्ची बाहेरच हलवा' म्हणून. मी आपली बाहेर, कोरडी बिस्किटं चावत. तुझं प्रकरण आलं तेव्हा तर बिस्किटंसुद्धा नव्हती... म्हणजे असतील, मला काय ठाऊक, मी आत —

काप ना, थांबलास का? आत म्हणजे, बॅग राहिली होती आत.

नाही. बॅग नव्हती राहिली.

ऐक, असा बघू नकोस. हात वर नाही केला मी. तुझं नाव वाचलं, अध्यक्षबाईंनी विचारलं, कोणी ओळखतं का — आणि सगळे माझ्याकडे बघून आधीच हसायला लागलेले. झोंबलं मला. आणि म्हटलं, या पोराची बाजू घेणारं आत कोणीतरी हवं की नको? माझ्या कुंपणापलीकडच्या क्लॅरीनं तक्रार केली खरी, पण त्याच्या पायाचा अंगठा काय तुझ्या ब्लेडनं गेला? तू कुरूप काढलंस, पट्टी बांधलीस, ओलं करू नको म्हणून बजावलंस, आणि हा बहाद्दर दुसऱ्याच दिवशी पट्टी फेकून रबरी चपलेत मेंढवाड्यात, घोट्याभर लेंड्यांत उभा! अंगात साखर एवढी मुरलेली की पायाला काही कळतच नाही. कोणी बघितलं म्हणून काय विचारतोस? मीच बघितलं. कुंपणावरून ओरडलेसुद्धा त्याच्यावर — म्हटलं, क्लॅरी, अक्कल गहाण टाकलीस का?

तेच सांगायचं होतं तिथे. तेवढ्यासाठीच तर बसले होते. पण तोंड उघडायला गेले आणि लक्षात आलं — 'मी बघितलं' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, बाई, म्हणजे तुम्ही दोघांनाही ओळखता? मग हात का नाही वर केला? या वयात, त्या सगळ्यांसमोर खोटी ठरायचं... समोरचे कागद चाळत बसले मी. मग बाई म्हणाल्या, सगळ्यांना मान्य? एकेक हात वर गेला. आणि माझाही गेला, फर्गस. आधी जायला हवा होता तेव्हा मांडीखाली दाबून बसले, आणि नको तेव्हा —

काय ठरलं ते नाही सांगता येणार मला. पत्र येईल तुला. तसं काही फार नाही, प्रॅक्टिस चालू राहील तुझी, फक्त एकट्यानं नाही करायची, कोणीतरी अनुभवी माणूस शेजारी हवा — हे मी सांगितलं नाही हं तुला! — आता इथे या माळरानात कोण येणार तुझ्या शेजारी उभं राहायला, डॉट? म्हणजे हा हॉल बंदच... म्हणजे बाहेर बसलेत ते सगळे... देवा. काय बोलून गेले मी. आज येणारच नव्हते रे, पण नाव आधीच लिहिलेलं. नाही आले तर डॉट विचारणार, का नाही आलीस? काय सांगू तिला?

शिव्या दे. बाईंना फोन करते मी, सगळं खरं सांगते. करते म्हणजे — सोमवारी करते. सोमवारी नक्की. त्या काढून टाकतील मला, टाकू देत.

अरे, हे काय करतोयस? दुसऱ्या पायाचा मोजा कशाला काढतोस? राहू दे. नको ना — टॉवेल नको गुंडाळू, पाय गरम आहे माझा. फर्गस, इतक्या हळू नको रे धरूस. मला नाही सहन होत. सोड. पाय सोड माझा — सोड म्हणते ना.

सोमवार राहू दे. तो फोन दे इकडे.