वामनची भुतं आणि आत्याची चूल

भुताच्या गोष्टींचं काय सांगता, आमच्या वामनची ऐका.

वामन पुण्याचा, माझ्या कॉलेजातला. विचित्रकथांचा एक जाडजूड संग्रह घेऊन मे महिन्यात घोटावड्याला आमच्याकडे आला. ‘दुबळ्या काळजाच्यांनी वाचू नये’ असं मुखपृष्ठावरच छापलेलं, आणि त्याचाच त्याला केवढा अभिमान! खेड्यातली माणसं भित्री, हे त्याने पुण्यातच ठरवलेलं. म्हणून ओट्यावर करवंदं निवडत बसलेल्या माझ्या आत्याला गाठून, भर दुपारी, आवाज घोगरा करून त्याने कथा वाचली.

कथेत तलावात बुडालेलं एक गाव असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि गाव वर येतं. नायक एका घरात डोकावतो, तर मेलेली माणसं आपल्या चुलीपाशी बसलेली! नायकाला वेड लागतं.

आत्याने विचारलं, “मग, फुडं?”

“पुढं काय? संपली!”

“आन् त्याला येड कशापायी लागलं?”

आत्याचं सासर मुळशीच्या धरणात गेलंय, हे वामनला कुठलं ठाऊक!

“आमचं गाव बी पानी उतारलं की वर येतं,” आत्या म्हणाली. “मी दरसाल जाऊन चुलीच्या जागी हळद-कुकू वाहून येते.”

वामन चिडलाच. “अहो आत्या, ती मेलेली माणसं आहेत! मेली तरी घर सोडत नाहीत!”

आत्याने एक सडकं करवंद अंगणात भिरकावलं.

“बरं हाय त्यांचं. आमी जित्ती व्हतो, म्हनून आमाला उठवलं.”